फायटिंग गेममधील वंशचित्रण कसे तपासावे

फायटिंग गेममधील पात्राला बोलायला फारशी सवड नसते. मिनिटा-दीड मिनिटाच्या फेरीत त्याचा देश, वर्ण आणि स्वभाव पोशाखातून, उभे राहण्याच्या ढबीतून आणि मुख्यतः फटक्यांतूनच कळायचा असतो. त्यामुळे कादंबरी किंवा चित्रपट तपासण्याची नेहमीची पद्धत येथे पुरी पडत नाही. अशा गेमचे परीक्षण लिहू इच्छिणाऱ्याने हाताशी कंट्रोलर घेऊनच कामाला बसावे.

प्रथम पात्रांची यादी देशनिहाय मांडावी, पण तिथे रेंगाळू नये. कॅपकॉम या कंपनीच्या १९९१ मधील ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये निवडता येणारी पात्रे आठ होती आणि त्यांत भारताचा धाल्सिम होता. मोजदाद एवढेच सांगते. गळ्यात कवट्यांची माळ घातलेला, तोंडातून आग फेकणारा हा योगी मोजदादीत समाधानकारकच दिसतो.

खरी तपासणी ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे गेममधील सरावाच्या विभागात होते. तिथे पात्र घेऊन त्याचा पोशाख मनातल्या मनात उतरवावा आणि पाहावे की उरते काय. धाल्सिमच्या गळ्यातील कवट्या काढल्या तरी त्याचे हातपाय पडद्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत ताणले जातातच, चाल संथच राहते आणि प्रतिस्पर्ध्याला लांबच ठेवून खेळावे लागते. गूढ, चमत्कारी भारताची कल्पना केवळ चित्रात नाही, ती बटणांमध्ये बसवलेली आहे. याउलट त्याच गेममधील रशियन झांगीफ कितीही अतिरंजित असला, तरी त्याच्या पकडी कुस्तीतून आलेल्या आहेत. आखाड्यांची एवढी मोठी परंपरा असलेल्या देशाच्या वाट्याला मात्र मल्ल आला नाही. तो आला १९९६ च्या ‘स्ट्रीट फायटर इएक्स’मध्ये, दारुन मिस्टर या नावाने, आणि आज त्याची आठवण फार थोड्यांना आहे. तरीही परीक्षकाने प्रामाणिकपणे हेही नोंदवावे की खेळाच्या रचनेच्या दृष्टीने धाल्सिम हे त्या गेममधील सर्वांत कल्पक पात्रांपैकी एक आहे. भारताचे चित्र म्हणून तो कच्चा आहे आणि खेळण्याचे पात्र म्हणून पक्का. या दोन्ही गोष्टी एकाच परीक्षणात मावतात.

यानंतर एकच पात्र निरनिराळ्या भागांत कसे बदलले ते पाहावे. २०१६ च्या पाचव्या भागात धाल्सिमला दाढी आणि फेटा मिळाला, पण लांबणारे हात कायम राहिले, कारण ते काढले तर पात्रच उरत नाही. पोशाखातील बदल स्वस्त असतो, फटक्यांतील महाग. हा फरक लक्षात ठेवला की कंपनीने मनापासून किती बदलले याचा अंदाज येतो. या बाबतीत १९९७ च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री’मधील डडली पाहण्यासारखा आहे. हा कृष्णवर्णीय ब्रिटिश मुष्टियोद्धा गुलाबावर प्रेम करणारा, सभ्य आणि टापटीप आहे, आणि माइक टायसनची सरळ आठवण करून देणाऱ्या, याच मालिकेतील जुन्या बॉक्सरपेक्षा तो सर्वस्वी वेगळा उभा राहतो.

दोष काढण्यापूर्वी तांत्रिक मर्यादा समजून घ्यावी. १९९३ मध्ये याच मालिकेत आलेल्या जमैकाच्या ‘डी जे’ नावाच्या पात्राच्या विजारीवर ‘मॅक्झिमम’ हा इंग्रजी शब्द उभा लिहिलेला आहे, कारण त्याची अक्षरे आरशात उलटली तरी तशीच दिसतात आणि पात्र दुसऱ्या बाजूला वळले की त्या काळी चित्रच उलटे केले जात असे. ती अक्षरे यंत्राची गरज होती. त्याचे कायमचे रुंद हसू ही मात्र चित्रकारांची निवड होती.

भाषाही ऐकावी. ‘टेक्कन’ या दुसऱ्या फायटिंग गेम मालिकेत अनेक पात्रे आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना ते बिनदिक्कत समजते, ही गंमत सोडली तर ही पद्धत चांगलीच आहे. ‘टेक्कन सेव्हन’मधील सौदी अरेबियाचा शाहीन अरबी बोलतो, आणि त्याचे आरंभीचे रेखाटन प्रसिद्ध करून अरब खेळाडूंची मतेही मागवली गेली होती.

शेवटी खेळाडूंशी बोलावे, पण पात्राची लोकप्रियता म्हणजे आपुलकी असे समजू नये. २०२० च्या इव्हो जपान या फायटिंग गेमच्या स्पर्धेत ‘टेक्कन सेव्हन’च्या शेवटच्या आठांपैकी सहा जणांनी लेरॉय स्मिथ हे कृष्णवर्णीय पात्र घेतले होते, कारण एवढेच की नुकताच आलेला लेरॉय त्या वेळी कमालीचा बलवान होता. २०१९ मध्ये इव्हो जपान आणि लास व्हेगासची इव्हो या दोन्ही स्पर्धा जिंकणारा पाकिस्तानचा अर्सलान ॲश काझुमी या जपानी पात्रासाठी ओळखला जातो. त्यामुळे ‘आपल्या देशाचे पात्र का घेतले नाही’ असे विचारून काही हाती लागत नाही. ते पात्र प्रथम पाहिले तेव्हा काय वाटले, ऑनलाइन लढतीत त्यावरून कोणी टोमणे मारले का, आणि ताकद सारखी असती तर ते घेतले असते का, असे विचारावे. स्पर्धेला जाण्याच्या व्हिसाबद्दलही विचारावे. अर्सलानच्या जपानच्या प्रवासात व्हिसा आणि विमानाच्या अडचणी किती आड आल्या, हे त्याच्या विजयानंतरच अनेकांना कळले.

परीक्षणात गेमची आवृत्ती आणि वर्ष आवर्जून लिहावे. लेरॉयची ताकद पुढच्या अद्ययावतीकरणात कमी करण्यात आली, आणि आवृत्ती दिली नाही तर त्या आठांतील सहाचा अर्थ आजच्या वाचकाला लागणार नाही.