भाताच्या उत्पादनाची जनुके शोधताना आधी निसवण्याची तारीख पाहा

पुण्यात राहून भातावर संशोधन करणाऱ्याला प्रयोगशाळेतून निघून मावळातल्या खाचरापर्यंत एका सकाळीत पोहोचता येते आणि नव्या विद्यार्थ्याने ही सोय पुरेपूर वापरावी, असे माझे ठाम मत आहे. डीएनए काढणे, मार्कर (डीएनएवरील ओळखखुणा) तपासणे, क्यूटीएलचा, म्हणजे उत्पादनासारख्या मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या गुणसूत्रावरील जागांचा, नकाशा तयार करणे हे सर्व तुम्ही शिकालच. मला लिहायचे आहे ते पीएचडीच्या काळात ज्या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त छळले तिच्याबद्दल.

हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) वाणांच्या संकरातून तयार केलेल्या वंशांचे उत्पादन मोजले की नकाशावर एखादे उंच शिखर, म्हणजे त्या गुणाशी घट्ट संबंध दाखवणारी जागा, दिसते आणि मन हरखून जाते. ते शिखर पुष्कळदा दाण्यांचे नसून निसवण्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, काळाचे असते. गरवे भात शेतात जास्त दिवस उभे राहते, त्याला वाढीसाठी अधिक काळ मिळतो, लोंबी मोठी होते आणि दाणे वाढतात. मावळातला कोणताही शेतकरी हे सांगेल. २००८ साली ओळखले गेलेले, सातव्या गुणसूत्रावरील जीएचडी-७ हे जनुक निसवणे लांबवते, उंची वाढवते आणि लोंबीतील दाणेही वाढवते, म्हणजे तिन्ही गुण एकाच जागी सापडतात. याउलट २००५ सालचे जीएन-१ए हे जनुक सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) तयार करते. ते विकर कमी झाले की हे संप्रेरक लोंबीत साठते आणि दाणे वाढतात. दोन्हींना उत्पादनाची जनुके म्हणता येते, पण शेतकऱ्याला त्यांची किंमत सारखी नसते.

म्हणून प्रत्येक वंशाची निसवण्याची तारीख स्वतः खाचरात उभे राहून नोंदवा. विश्लेषण त्या तारखेचा परिणाम वजा करून एकदा आणि न करता एकदा, असे दोन्ही प्रकारे करा, कारण केवळ वजा केल्यास खरोखर दुहेरी परिणाम करणारे जनुकही हातचे जाते. भात हे लहान दिवसांचे, म्हणजे दिवस लहान असताना लवकर निसवणारे, पीक असल्यामुळे तेच वंश खरिपात आणि उन्हाळी हंगामात वेगळे वागतात. एका हंगामाच्या आकड्यांवर प्रबंध उभा करू नका. पावसात उंच वंश लोळतात आणि त्यांचे उत्पादन घटते, तेव्हा उंचीचे जनुकही उत्पादनाचे म्हणून समोर येते, हेही ध्यानात असू द्या.

शिखराखालच्या जनुकांच्या यादीतून ओळखीचे नाव उचलण्याचा मार्ग मला अजिबात मान्य नाही. भाताच्या ३८९ दशलक्ष बेसजोड्यांच्या (डीएनएची लांबी मोजण्याच्या एककांच्या) जनुकसंचात दर दहा हजार बेसजोड्यांमागे साधारण एक जनुक येते. म्हणजे अडीच दशलक्षांच्या पट्ट्यात सुमारे अडीचशे जनुके असतात आणि त्यांतले एखादे ओळखीचे निघणारच. मार्गदर्शक निवडतानाही शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा ते लावणीच्या दिवशी शेतात येतात का, हे विचारा.

निसवण्याच्या तारखेचा परिणाम वजा केल्यावर शिखर नाहीसे झाले तरी घाबरू नका. हे अनेकांच्या बाबतीत घडते आणि त्या नोंदी वाया जात नाहीत. उरलेल्या पट्ट्यासाठी जवळजवळ समान जनुकसंचाचे, केवळ त्या पट्ट्यात वेगळे असणारे वंश तयार करा, ते एकाच वेळी निसवतात याची खात्री करा आणि मग लोंबीतील दाणे, भरलेल्या दाण्यांचे प्रमाण व हजार दाण्यांचे वजन वेगवेगळे मोजा.