नंबर प्लेटच्या ब्रॅकेटचे बोल्ट: कोणते घ्यायचे, कसे बसवायचे

नंबर प्लेट खडखडायला लागली की आधी तिच्या मागे हात घालून बघा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावूनच मिळते, त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. तिचं स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट धरून ठेवणारी खास खीळ, एकदाच बसतं, काढायला गेलं की तुटतं. तिथे बाजारातला स्क्रू चालत नाही, प्लेट अधिकृत फिटमेंट सेंटरवरच न्यायची. आपल्या हातातले बोल्ट म्हणजे ब्रॅकेट गाडीला धरून ठेवणारे, आणि आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो.

हे बोल्ट बहुतेक दुचाकी-चारचाकींना एम ६ असतात: जाडी ६ मिमी, एका आट्यापासून दुसरा १ मिमीवर, षटकोनी डोक्याला १० नंबरचा पाना. ८ नंबरचा पाना बसला तर बोल्ट एम ५ समजा. जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जा. नुसतं ‘नंबर प्लेटचा बोल्ट द्या’ म्हटलं तर दोन सुताचा हातात पडण्याची शक्यता असते. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण पाव इंचीचे आटे विरळ असतात. तो एम ६ च्या नटात एखादा फेरा जातो आणि अडकतो. तिथून पान्याने रेटलात की गाडीवरच्या वेल्ड केलेल्या नटाचे आटे मेलेच. म्हणून काउंटरवरच एखादा साधा नट आधी जुन्या आणि मग नव्या बोल्टवर बोटांनी फिरवून बघा. दोन्हींवर शेवटपर्यंत सहज गेला पाहिजे.

लांबीला हिशोब आहे. ब्रॅकेट २ ते ३ मिमी, वॉशर दीड, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा) ६, वर दोन आटे बाहेर. १६ मिमी पुरतो, मध्ये रबरी बुश असेल तर २० घ्या. उगाच ३० चा लावू नका: डिकीच्या दारात लांब बोल्टचं टोक आतल्या वायरला घासू शकतं.

पुढच्या बंपरवर नटाऐवजी बऱ्याचदा प्लास्टिकचा चौकोनी क्लिप-नट असतो, त्यात सेल्फ टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणारा) स्क्रू जातो. क्लिप ढिली झाली असेल तर क्लिपच बदला. जाडा स्क्रू घुसवला तर बंपरचं भोक फाटतं, मग काहीच धरत नाही.

धातू स्टेनलेसच घ्यावा. डोक्यावर ए२ हा स्टेनलेसचा दर्जा कोरलेला असतो, कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ गाडी उभी असेल तर थोडे जास्त पैसे देऊन ए४ घ्या. लोहचुंबक घट्ट चिकटला तर तो चकचकीत मुलामा दिलेला लोखंडीच. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर मध्येच जाम होतो आणि परत सुटत नाही, आट्यांना ग्रीसचं बोट लावा.

जुना गंजलेला बोल्ट काढताना गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. आधी किंचित आवळा, गंज तडकला की मग उलटा फिरवा. थेट उलट्या दिशेने जोर लावला तर एम ६ चं डोकं तुटून हातात येतं.

नवे बसवताना सगळे आधी बोटांनी लावा, ब्रॅकेट सरळ करा, मगच पाना. आखूड पाना, मनगटाचा जोर, बस्स. नायलॉक नट एकदा उघडला की त्याचं नायलॉन सैल पडतं, तो पुन्हा वापरू नका. नट वेल्ड केलेला असेल तर नायलॉक लागत नाही, डोक्याखाली स्प्रिंग वॉशर घाला.

दुचाकीच्या मागच्या मडगार्डवर, जागा असेल तर, बोल्टचं डोकं टायरकडे आणि नट बाहेर ठेवा. उलटं बसवलं आणि डबल सीट गाडी स्पीडब्रेकरवर दबली, तर बाहेर आलेलं टोक टायरला घासू शकतं.