हार्मोनची गोळी बायोआयडेंटिकल आहे का, हे स्ट्रिपच्या मागे वाचा

कराडला माझं मेडिकल दुकान आहे. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या बायका काउंटरला आल्या की आधी शेजारी कोणी ओळखीचं उभं नाही ना बघतात आणि मग मोबाइल पुढे करतात. त्यात हल्ली प्रिस्क्रिप्शन कमी आणि व्हिडिओ जास्त. कुणाची नणंद न्यू जर्सीला, कुणाची लेक बंगळुरूला, तिने पाठवलेला. "हे बायोआयडेंटिकल हार्मोन, एकदम नॅचरल, साइड इफेक्ट नाही म्हणतात. तुमच्याकडे मिळतं का हो ताई?"

मिळतं. पुष्कळदा तर डॉक्टरांनी तेच लिहून दिलेलं असतं आणि त्यांच्याच पर्समध्ये पडलेलं असतं. स्ट्रिपवर तो शब्द छापलेला नसतो, एवढंच.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणाला किती डोस, हे ठरवणं माझं काम नाही. पण हातातली स्ट्रिप वाचायची कशी, डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं आणि कुठल्या जाहिरातीला दारातूनच परत पाठवायचं, हे सांगू शकते.

नॅचरल म्हणजे काय

अंडाशयात जी मुख्य दोन हार्मोन तयार होतात ती म्हणजे एस्ट्रॅडिऑल, हे इस्ट्रोजेन गटातलं, आणि प्रोजेस्टेरॉन. पाळी जायच्या सुमारास ही दोन्ही कमी होतात, अंगातून वाफा येणं, झोप उडणं असा त्रास सुरू होतो, आणि तो कमी करायला हीच हार्मोन औषध म्हणून देतात. औषधातल्या हार्मोनची रासायनिक रचना यांच्याशी तंतोतंत जुळत असेल तर ते बायोआयडेंटिकल. त्यात गूढ काही नाही.

ही हार्मोन बहुधा सोयाबीन किंवा रानकंदातल्या द्रव्यापासून बनवतात. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका कंदातल्या डायोस्जेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं. तो कंद आपल्या करांद्या-कोनफळाच्या कुळातला. पण हे झालं प्रयोगशाळेत. माणसाच्या शरीराला ते जमत नाही. त्यामुळे 'वाइल्ड याम क्रीम', म्हणजे त्या रानकंदाचं क्रीम, पोटाला चोळून प्रोजेस्टेरॉन वाढत नाही आणि उपवासाला कोनफळ खाऊनही नाही. साखर उसाची असो की बीटाची, शेवटी सुक्रोजच, तसंच हेही. रेणू कुठून आला यापेक्षा तो कुठला आहे, किती दिला आणि कोणाला दिला, यावर सगळं अवलंबून. खोक्यावर हिरवं पान छापलं म्हणून त्याचे दुष्परिणाम जात नाहीत.

आता स्ट्रिप उलटी करा

पुढच्या बाजूचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचायचे. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, नाहीतर मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला सांगा. त्याचं ते कामच आहे.

'एस्ट्रॅडिऑल' दिसलं तर ते बायोआयडेंटिकल. पुढे 'हेमिहायड्रेट' असलं तरी तेच. 'एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट' असेल तर पोटात गेल्यावर त्याचा व्हॅलरेट भाग सुटतो आणि उरतं ते आपलंच एस्ट्रॅडिऑल. 'एस्ट्रिओल' क्रीम योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी देतात, तेही शरीरात असणारंच हार्मोन आहे.

'नॅचरल मायक्रोनाइज्ड (म्हणजे अगदी बारीक केलेलं) प्रोजेस्टेरॉन' वाचून बऱ्याच जणी दचकतात. "अहो, हे तर सुनेला तिसऱ्या महिन्यात दिलं होतं!" बरोबर आहे. गर्भ टिकायला देतात तेच औषध पाळी गेल्यावर गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालायलाही देतात. मेडिकलवाल्याने चुकीची पुडी बांधली असं समजून परत आणून देऊ नका.

'नॉरएथिस्टेरॉन' म्हणजे गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला सगळ्या बायका मागतात ती गोळी. (ती प्रिस्क्रिप्शनशिवाय मागायची नसते, पण भाद्रपदात हे कोणी ऐकत नाही.) ती कृत्रिम. 'मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन' तेही कृत्रिम. 'डायड्रोजेस्टेरॉन' हे प्रोजेस्टेरॉनच्या अगदी जवळचं, पण हुबेहूब नव्हे. आणि 'कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन' असेल तर मूळचं ते गाभण घोडीच्या मूत्रातून काढतात. काही कंपन्या आता वनस्पतीपासून करतात.

बायोआयडेंटिकल नाही म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. डायड्रोजेस्टेरॉन घेऊन छान असलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे दरमहा येतात. डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर व्हिडिओ बघून ते बंद करायचं कारण नाही.

माळकरी आणि जैन घरातल्या बायका हमखास विचारतात म्हणून सांगते: प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून होतं. चालत नसेल तर गोळीच्या रूपात काही मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं माणूस आपल्याकडे विरळा, तरी असेल तर आधी सांगायचं.

ती २००२ ची भीती

"हार्मोन घेतलं की कॅन्सर होतो" हे वाक्य आपल्याकडे पोहोचलं ते अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासामुळे. साडेसोळा हजारांवर स्त्रिया, निम्म्यांना घोडीवालं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त. उलट खुब्याची हाडं मोडणाऱ्या ५ कमी. बातमीत '२६ टक्के वाढ' आलं आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या.

बातमीत जे आलं नाही ते असं, की त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते आणि त्रास होतो तो तेव्हा. पुढे त्याच आकड्यांची वयानुसार फोड केल्यावर डॉक्टर मंडळींचं साधारण एकमत झालं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, आणि तब्येतीत दुसरी अडचण नसेल, तर बहुतेकींना फायदा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या औषधांवरचे काळ्या चौकटीतले (सगळ्यात गंभीर) बरेचसे इशारे काढत असल्याचं जाहीर केलं.

मग बायोआयडेंटिकल जास्त सुरक्षित का? थोडं तसं दिसतं. फ्रान्समध्ये शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेतल्या जवळपास लाखभर स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यात इस्ट्रोजेनसोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी औषधं) घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. पण त्या नुसत्या नोंदी होत्या, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता. धोका कमी दिसणं आणि धोका नसणं यात फरक आहे. व्हिडिओवाले तेवढाच गाळतात.

पिशवी आहे की काढली आहे?

हे विचारल्याशिवाय हार्मोनबद्दल पुढचं काही बोलताच येत नाही. पिशवी असेल आणि नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यातून गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. दोन औषधं लिहून दिली आणि "एकच द्या, महिनाअखेर आहे" असं सांगणाऱ्या काकूंना मी स्पष्ट नाही म्हणते. पिशवी काढली असेल तर साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, हे अनेकींना माहीतच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या किती लहान वयात काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये बाहेर आलं, राज्य सरकारने समिती नेमली. आमच्या भागात कारखान्यांच्या हंगामाला त्या टोळ्या येतात. पस्तिशीतली बाई, पिशवी काढून चार वर्षं झालेली, आणि तक्रार काय, तर हाडं दुखतात, झोप नाही, अंगातून वाफा येतात. अंडाशयं गेली असतील तर तिची पाळी एका दिवसात गेली. चाळिशीच्या आत असं झालेल्यांना हार्मोन देणं हा चैनीचा उपचार नाही. हाडं आणि हृदय यांच्यासाठी पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तो द्यावा असाच सर्वसाधारण सल्ला आहे. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'बीएसओ' किंवा 'बायलॅटरल सॅल्पिंगो-उफोरेक्टॉमी' लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं काढली आहेत. ते कार्ड घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना

शेवटची पाळी कधी आली, वाफा दिवसातून किती वेळा येतात, रात्री घामाने उठावं लागतं का, हे दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, हेही लिहा. तोंडाने सांगायला लाज वाटली तर कागद पुढे करता येतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णासकट.

आईला किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर, स्वतःला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, हार्ट अटॅक, लिव्हरचा आजार, कारण न कळलेलं अंगावरून जाणं, यातलं काहीही असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. यातल्या काहींना हार्मोन अजिबात चालत नाही.

पंचेचाळिशीच्या पुढे लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएचची तपासणी (पाळी जात आली का हे बघायची रक्ततपासणी) सहसा लागत नाही. बीपी, वजन, साखर बघतात, मॅमोग्राफी सांगतात. लाळ तपासून 'तुमचा खास हार्मोन प्रोफाइल' काढून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्या आकड्यांवरून डोस ठरवता येतो याला आधार नाही.

घ्यायचं कसं

एस्ट्रॅडिऑल जेलच्या रूपातही मिळतं. ते जेल दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीला लावतात. छातीला नाही. अंघोळीनंतर अंग कोरडं करून पातळ पसरवायचं, चोळत बसायचं नाही, वाळलं की कपडे घालायचे आणि हात साबणाने धुवायचे. तासभर तरी तिथे पाणी नको आणि नातवंडाला त्या दंडावर घ्यायला नको, कारण जेल दुसऱ्याच्या कातडीला लागून अंगात जातं. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून फिरत नाही, म्हणून गोळीच्या मानाने रक्त गोठण्याचा धोका कमी. वजन जास्त किंवा बीपी असलेल्यांना डॉक्टर जेल सुचवतात ते यासाठी. पॅच परदेशात सर्रास मिळतात, आपल्याकडे गावातल्या मेडिकलमध्ये सहसा नसतात.

प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना. त्याने पेंग येते, आणि झोप उडालेल्यांना ते बरंच वाटतं. सकाळी घेऊन स्कूटी चालवू नका. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर महिन्यातले १२-१४ दिवसच देतात, पूर्ण गेली असेल तर रोज. चिठ्ठीवरचे दिवस नीट विचारून स्ट्रिपवर पेनाने लिहून घ्या.

एस्ट्रिओल क्रीम आधी दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फार थोडं जातं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. वारंवार युरिन इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेणाऱ्या साठीच्या बायकांना हे क्रीम कोणी सांगितलेलंच नसतं, याचा मला दरवेळी राग येतो.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर एक लक्षात ठेवा. तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केलं की थायरॉइडचा डोस कमी पडू शकतो. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. आणि या उपचाराने गर्भ राहायचा थांबत नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबून दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष होईपर्यंत वेगळी काळजी घ्यावी लागते.

पेलेट आणि 'तुमच्यासाठी खास बनवलेलं'

अमेरिकेतल्या व्हिडिओत 'बायोआयडेंटिकल' म्हणतात ते पुष्कळदा कंपाउंडिंग फार्मसीत ऑर्डरप्रमाणे मिसळून केलेलं क्रीम असतं किंवा कातडीखाली बसवायचं पेलेट, म्हणजे हार्मोनची बारीकशी गोळी. रेणू तोच, पण दर डब्यात तो किती आहे हे कारखान्यातल्या औषधासारखं तपासलेलं नसतं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२० च्या अहवालात अशा मिश्रणांचा वापर मर्यादित ठेवा असं सांगितलं. क्रीममधून प्रोजेस्टेरॉन कमी गेलं तर अस्तराचं रक्षण होत नाही. पेलेटने हार्मोन फार वाढलं तर ते सहज काढताही येत नाही, महिनोन्महिने विरघळायची वाट बघायची. नणंद बॅगेत घालून असं क्रीम घेऊन आली तर तिला चहा पाजा, क्रीम तसंच ठेवा आणि तोच रेणू आपल्याकडच्या स्ट्रिपमध्ये डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एकदा दाखवायचं, मग वर्षातून एकदा. पहिले काही महिने थोडं डाग लागणं, छाती जड वाटणं होतं. सहा महिन्यांनंतरही रक्त जात राहिलं, किंवा मध्येच जास्त गेलं, तर सोनोग्राफी करून घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला, हार्मोन चालू नसताना, एक थेंब जरी दिसला तरी माझ्या दुकानात गोळी मागायला येऊ नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्याच आठवड्यात.