कर्करोग संशोधनासाठी पणत्यांचा स्टॉल

सोसायटीत पणत्या रंगवून निधी उभारायचा असेल, तर नवरात्रातच सुरुवात करा आणि वसुबारसेच्या आधीच्या रविवारी विक्री संपवा. त्यानंतर लोकांची खरेदी झालेली असते.

चार-चारचे ७५ संच करायचे, तर ३३० पणत्या आणा, थोड्या फुटतातच. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. माती ओलसर राहिली की अ‍ॅक्रिलिक रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रंग. वातीची चोच आणि आतली बाजू कोरीच ठेवा: ज्योतीजवळचा रंग जळतो, वास मारतो. मातीतून तेल झिरपून नक्षीवर डाग पडतो, म्हणून ‘खाली ताटली ठेवा’ अशी चिठ्ठी प्रत्येक खोक्यात हवीच.

संचाचा खर्च ४० रुपये आला, तर किंमत १२० ठेवा. त्याहून कमी किमतीत एवढ्या हातांची मेहनत वाया जाते.

पैसे कुणा एकाच्या खात्यात नकोत. क्यूआर कोड सोसायटीच्या खात्याचा लावा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारखी (टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र) संशोधन संस्था निवडली, तर रक्कम संशोधनासाठीच वापरली जावी, हे देणगीपत्रात स्पष्ट लिहा. पणती विकत घेणाऱ्याला ८०जी सवलत (देणगीवरची आयकर सवलत) मिळत नाही, हे फलकावर आधीच सांगा. सवलत हवी असणाऱ्यांनी पॅन देऊन थेट संस्थेला देणगी द्यावी. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही.