दूरच्या शाखेतल्या यूपीएसवर लक्ष कसं ठेवाल?

आजरा-चंदगडकडच्या पतसंस्थांचे यूपीएस माझ्याकडे सर्व्हिसला असतात. पावसाळ्यात तिकडे लाईट जाणारच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बॅटऱ्या बसल्यात हे मात्र सर्व्हर बंद पडल्यावरच कळतं. ते आधी कळायला हवं.

लक्ष ठेवायचं वेगळं कार्ड विकत घेण्याआधी यूपीएसची पाठ बघा. यूएसबी किंवा नऊ पिनांचा आरएस-232 पोर्ट असेल तर बहुतेक काम फुकटात होतं. आपल्याकडचे 1 ते 3 केव्हीएचे बरेच ऑनलाईन (म्हणजे कायम इन्व्हर्टरमधूनच वीज देणारे) यूपीएस ‘मेगाटेक’ नावाच्या प्रोटोकॉलची भाषा बोलतात. पोर्टला कॉम्प्युटर जोडून, 2400 बॉड वेगावर ‘क्यू1’ (Q1) लिहून एंटर मारलं की अशी ओळ येते:

(231.0 195.0 230.4 022 50.0 2.27 34.0 00000001

पहिला आकडा इनपुट व्होल्टेज, तिसरा आउटपुट, मग लोड टक्क्यांत, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं दर सेलमागे व्होल्टेज आणि तापमान. शेवटच्या आठ आकड्यांत पहिला 1 झाला तर लाईट गेली, दुसरा 1 झाला तर बॅटरी संपत आली. तापमानाकडे कुणी बघत नाही, मी आधी तेच बघतो. 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

ही ओळ रोज हाताने वाचायची गरज नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे सॉफ्टवेअर टाका, मोफत आहे. लाईट गेल्यावर लगेच मेसेज लावू नका, दोन दिवसांत लोक फोन म्यूट करतात. पाच मिनिटं बॅटरीवर चालला तर एक मेसेज, बॅटरी लो झाली तर ताबडतोब दुसरा. सिमवरच्या इंटरनेटला बहुधा बाहेरून आत शिरता येत नाही, म्हणून मेसेज पायनेच बाहेर पाठवायचा.

मोठ्या यूपीएसला एसएनएमपी कार्ड घ्या, म्हणजे नेटवर्कवरून यूपीएसची माहिती देणारं कार्ड. कार्ड स्वतःहून पाठवतं तो इशारा, म्हणजे ट्रॅप, वाटेत हरवू शकतो, म्हणून सर्व्हरने दर मिनिटाला विचारणाही करावी. एसएनएमपीची आवृत्ती 3 वापरा, ‘पब्लिक’ हे कम्युनिटी नाव (जुन्या आवृत्त्यांचा पासवर्डच म्हणा) बंद करा आणि कार्ड उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

इंटरनेटच नसेल तर ड्राय कॉन्टॅक्ट कार्ड (लाईट गेली की आतला स्विच बदलणारं) आणि सिमवरून मेसेज पाठवणारा जीएसएम अलार्म. वायर अशी जोडा की सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं (क्लोज्ड) राहील आणि तुटलं की अलार्म वाजेल. उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म येतो. आणि मॉड्यूल फक्त 2जी असेल तर जिओचं सिम चालणार नाही, त्यांच्याकडे 2जीच नाही. रिचार्जची तारीख मॅनेजरच्या नव्हे, स्वतःच्या फोनमध्ये टाका.

राउटर, स्विच आणि फायबरचा डबा यूपीएसच्याच आउटपुटवर हवेत, नाहीतर लाईटबरोबर मेसेजही जातो. रोज सकाळी नऊला ‘सगळं ठीक’ असा मेसेज लावा. तो आला नाही की शाखेत फोन करायचा. हे सगळं झाल्यावर कॅश काउंटर बंद झाला की इनपुटचा एमसीबी पाडा आणि मेसेज खरंच येतो का ते बघूनच गाडीला किक मारा.