जेलमधून सुटल्यावर मुलाचा ताबा परत कसा मिळवायचा

सुटून आल्या आल्या बहुतेक आईबापांच्या डोक्यात एकच असतं, सरळ जायचं आणि पोराला घेऊन यायचं. समजू शकतं. पण शाळेच्या गेटवरून नाहीतर मामाच्या घरून परस्पर मूल उचलून आणलं की समोरची पार्टी तासाभरात पोलीस स्टेशनला असते, आणि तुम्ही जामिनावर असाल तर जामीनच धोक्यात येतो, वर कोर्टात पुढची दोन वर्षं तेच एक प्रकरण तुमच्या तोंडावर मारलं जातं. तेव्हा आधी थोडा दम धरा आणि खालचं वाचा. हे सगळं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे.

पहिली गोष्ट, शिक्षा झाली म्हणून आईबाप असणं आपोआप संपत नाही. पण सुटलात म्हणून मूल आपोआप परतही मिळत नाही. कोर्ट तुमचा गुन्हा पुन्हा तोलायला बसत नाही, ते बघतं मूल आज कुठे आहे, कसं आहे, आणि तिथून हलवलं तर त्याचं भलं होणार का. सगळी तयारी याच प्रश्नासाठी करायची.

मग सुरुवात कुठून? मूल सध्या ज्यांच्याकडे आहे ते कुठल्या कागदावर आहे, हे आधी काढा. बऱ्याच घरांत कागदच नसतो, अटक झाली त्या रात्री आजीने नाहीतर मावशीने पोरं उचलून नेली, एवढंच. यात सगळ्यात जास्त वाव असतो, बोलून सुटण्यासारखं असेल तर बोलून सोडवा, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला मध्ये घ्या, आणि जे ठरेल ते लिहून सह्या करा. नाहीच जमलं तर १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा आहे, त्याखाली फॅमिली कोर्टात अर्ज (फॅमिली कोर्ट नसेल तिथे जिल्हा कोर्टात). इथे लोक हमखास चुकतात ते म्हणजे अर्ज स्वतः राहतो तिथे टाकतात. अर्ज मूल नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या कोर्टात करायचा, नाहीतर अधिकारक्षेत्राच्या वादातच कितीतरी तारखा जातात.

दुसरा प्रकार, आधीच कोर्टाचा आदेश झालेला आहे, म्हणजे तुम्ही आत असताना नवऱ्याने, बायकोने किंवा नातेवाईकांनी ताबा किंवा पालकत्व मंजूर करून घेतलं. त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि वकिलाकडून नीट वाचून घ्या. तुम्हाला नोटीस मिळाली होती का, तुमच्या वतीने कोण हजर होतं, भेटीबद्दल काही लिहिलंय का. परिस्थिती बदलली की असा आदेश बदलून मागता येतो.

तिसरा प्रकार, मूल बालगृहात आहे किंवा बालकल्याण समितीने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलंय. इथे पहिला दरवाजा जिल्ह्याची बालकल्याण समिती, लोक तिला सीडब्ल्यूसी म्हणतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल घरच्यांकडे परत जावं हेच बालगृहाचं मुख्य काम मानलंय, त्यामुळे तिथे हात जोडून उभं राहायची गरज नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समिती घराची चौकशी करायला लावते आणि मग ठरवते. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं.

आणि हे वाचणाऱ्या कुणाचा माणूस अजून आत असेल तर हा भाग त्यांना आजच सांगा. बालगृहातल्या मुलाचे आईबाप सापडलेच नाहीत तर त्याला दत्तक देण्यासाठी मोकळं जाहीर करायची मुदत फार लांब नसते, २ वर्षांपर्यंतच्या बाळासाठी २ महिने, त्याहून मोठ्या मुलासाठी ४ महिने. म्हणून जेलमधूनच समितीला लेखी कळवायचं की मूल सोडून दिलेलं नाही, मी अमुक तुरुंगात आहे, माझे हे हे नातेवाईक आहेत. तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवा, नक्कल जवळ ठेवा. दबावाखाली मूल सोडून देण्याच्या कागदावर सही केली असेल तर फेरविचाराला ६० दिवस असतात. दत्तकाचा आदेश एकदा झाला की परतीचा रस्ता जवळजवळ बंद.

वकील परवडत नाही? प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जा किंवा १५१०० ला फोन करा. बाईला फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, कोठडीत असलेल्या कुणालाही ही अट नाही, म्हणून आत असतानाच अर्ज टाकलेला बरा. पुरुषांना बाहेर आल्यावर उत्पन्न वगैरे बघून मिळतो.

आता कोर्ट नक्की काय तोलतं ते दोन निकालांवरून बघा. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक बाप आला होता, बायकोच्या मृत्यूच्या केसमध्ये त्याला अटक झालेली, मग जामीन झाला आणि त्याने मुलाचा ताबा मागितला. खालच्या दोन्ही कोर्टांनी नैसर्गिक पालक म्हणून दिलाही. सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, म्हटलं असली केस चालू असताना बापाचं चारित्र्य आणि मुलाचं म्हणणं बघायलाच हवं होतं, आणि मुलाला आईच्या आईबापांकडेच राहायचं होतं. उलट २०१९ च्या एका केसमध्ये आई कॅन्सरने गेलेली, बाप हॉस्पिटलमध्ये, बाळ मावशीकडे, बाप बरा होऊन आल्यावर मावशी देईना. तिथे सुप्रीम कोर्टाने बाळ बापाला दिलं आणि मावशीकडच्यांना भेटीची मुभा ठेवली. म्हणजे नुसता काही काळ दूर राहिलात हा मुद्दा पार करता येतो. गुन्हा घरातलाच असेल, मारहाणीचा किंवा त्याहून वाईट, तर चढ फार मोठा आहे हे मान्य करून चाला. आणि गुन्ह्यात मूलच पीडित किंवा साक्षीदार असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय एक फोनसुद्धा करू नका. तसंच ज्या आजीकडे मूल आहे तीच केसमध्ये फिर्यादी असेल आणि जामिनात साक्षीदारांना भेटू नये अशी अट असेल, तर तिच्या दारात जाणं म्हणजे अट मोडणं. ती ऑर्डर परत एकदा वाचा.

माझं मत विचाराल तर पहिल्याच अर्जात पूर्ण ताब्यासाठी अडून बसू नये. ताब्याचा मुख्य अर्ज टाका, पण सोबत भेटीचा अंतरिम अर्ज (म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या काळासाठीचा) टाका आणि जोर त्याच्यावर लावा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की मूल एकाकडे असलं तरी दुसऱ्याला भेटी, फोन, व्हिडिओ कॉल मिळायला हवेत. तेव्हा कॉल पण मागून घ्या.

पहिली भेट बहुतेक कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत होते, भिंतीवर कार्टून, कोपऱ्यात तुटकी खेळणी, दारात समुपदेशक. मूल तुमच्याकडे बघणार नाही. आजीचा पदर सोडणार नाही, कदाचित तुम्हाला काका म्हणेल. तिथे रडू नका, ओढून मांडीवर घेऊ नका, "मला ओळखलं नाहीस का" तर अजिबात विचारू नका. जमिनीवर बसा, एखादं चित्राचं पुस्तक काढून स्वतःच रंगवत बसा, येतं ते हळूहळू. आजीशी दोन शब्द नीट बोला, मूल तेच बघत असतं (आणि समुपदेशक पण). मग पुढची प्रत्येक भेट वेळेवर. एक भेट चुकली की समोरचा वकील ती रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आणतो.

घरचौकशीला येणारी बाई किंवा माणूस पैसा मोजायला येत नाही. मूल झोपणार कुठे, अभ्यासाला जागा आहे का, तुम्ही कामावर गेल्यावर कोण बघणार, शाळा तीच राहणार की बदलणार, घरात दारू चालते का, हे विचारतात, शेजाऱ्यांना पण विचारतात. खोटं बोलू नका. एकच खोली असेल तर एकच खोली आहे म्हणा आणि त्यातला मुलाचा कोपरा दाखवा.

कागदांची फाईल आत्ताच लावा: सुटकेचा कागद, निकालाची किंवा जामिनाच्या आदेशाची नक्कल, मुलाचा जन्म दाखला, राहण्याचा पुरावा, कामाचं पत्र किंवा पगार खात्यात येतो ते स्टेटमेंट. आत काही कोर्स केला असेल, व्यसनमुक्तीचे उपचार घेतले असतील तर ते सर्टिफिकेट पण. मुलासाठी पैसे देत असाल तर हातात देऊ नका, खात्यातून पाठवा म्हणजे नोंद राहते. थोडे का असेनात, दर महिन्याला.

एका वयानंतर जज मुलाला चेंबरमध्ये एकट्याला विचारतात. त्याला पढवू नका, लगेच कळतं. जेलबद्दल मुलाने विचारलं तर खरं सांगा, वयाला झेपेल एवढंच, "माझ्याकडून चूक झाली, त्याची शिक्षा होती, ती संपली". केस अजून चालू असेल तर "कोर्टात अजून ठरायचंय" एवढंच. परदेशात कामाला गेलो होतो असली स्टोरी घरच्यांनी आधी सांगितली असेल तर ती कशी मोडायची ते समुपदेशकाला विचारून ठरवा.

ताबा मिळाला तर मूल एका दिवसात उचलून आणू नका, आधी शनिवार-रविवार, मग सुट्टी, मग शाळेचं वर्ष संपल्यावर कायमचं, असं कोर्टाकडूनच लिहून घेता येतं. ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलं त्यांच्या भेटी चालू ठेवा. नाही मिळाला तर आदेशात कारणं काय लिहिलीत ती बघा, घर नाही, काम नाही, भेटी कमी झाल्या, जे असेल ते. ताब्याचा आदेश कधीच शेवटचा नसतो, ती कारणं मिटली की त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करता येतो, तोवर भेटीचा आदेश चालू राहील हे मात्र वकिलाला बजावून सांगा.