बंदरात इंजिन नीट चालतं, लाटांत बंद पडतं: माझा अनुभव

आम्ही नवराबायको शिडाच्या बोटीने न्यूझीलंडला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालतोय. बंदरात डिझेल इंजिन तासभर मस्त चालायचं, पण बाहेर बोट हलायला लागली की वीसेक मिनिटांत आरपीएम खालीवर आणि मग बंद, अर्ध्या तासाने परत सुरू. न्यूझीलंडच्या दोन मुख्य बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीत वारा नुसता कोंडून येतो, तिथे हे झालं तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले.

फिल्टर दोनदा बदलले, लिफ्ट पंप (टाकीतून इंजिनाकडे डिझेल खेचणारा) नवा टाकला, फरक शून्य.

सामुद्रधुनीपलीकडच्या पिक्टन बंदरात पोचल्यावर कारण सापडलं. टाकीतल्या नळीच्या टोकाला बारीक जाळी होती, ती काळ्या बुळबुळीत गाळाने गच्च भरलेली. डिझेलमध्ये पाणी साठलं की त्यात जंतू वाढतात, लाटांनी तो गाळ ढवळला जातो आणि जाळीवर बसतो, शांत पाण्यात खाली पडतो.

आधी डिझेलचा कॉक बंद केला, नळी वर ओढून जाळी काढूनच टाकली कारण पुढे डिझेलमधलं पाणी नि घाण अडवणारा वॉटर सेपरेटर आहेच, तळाचं डिझेल हातपंपाने उपसलं, दोन्ही फिल्टर नवे. मग कॉक उघडून इंजिनवरच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू (आत अडकलेली हवा काढायचा) सैल केला, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत लिफ्ट पंपाची दांडी मारली आणि स्क्रू आवळला. स्टार्टर बराच वेळ मारावा लागला तर इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं, आणि इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी उघडा, हे विसरू नका.

नेल्सनपर्यंत लाटांतूनच आलो, एकदाही अडखळलं नाही.